अपग्रेडनंतर पॉवरपॉइंट हळू झालंय, मधेच बंद पडतंय? कुठून बघायला सुरुवात करायची

ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज १० चाही त्याच दिवशी, त्यामुळे वर्षानुवर्षं जुनंच पॉवरपॉइंट वापरणाऱ्या बऱ्याच लोकांना मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा ऑफिस २०२४ वर यावं लागलंय. आणि मग सुरू होतं की कालपर्यंत पटकन उघडणारी फाईल आता मिनिटभर पांढरी होऊन बसते, स्लाइड शो मधेच अटकतो, व्हिडिओवर क्लिक केलं की अख्खा प्रोग्रॅमच बंद होतो.

अशा वेळी बहुतेक जण पहिला सल्ला देतात तो म्हणजे सगळं काढून परत टाक. माझं मत उलट आहे, ते सगळ्यात शेवटी करायचं. कारण नवीन प्रोग्रॅम खराब निघाला असं क्वचितच असतं, जुन्या सेटअपमधून सोबत आलेलं काहीतरी त्याला अडवत असतं. जुनं ॲड-इन (पॉवरपॉइंटच्या आत बसलेला दुसरा छोटा प्रोग्रॅम), जुना ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोजला स्क्रीनवरचं चित्र काढायला मदत करणारं सॉफ्टवेअर), ऑफिसातला बंद पडलेला प्रिंटर, तुटलेली लिंक, कुठूनतरी आणलेला फॉन्ट. प्रोग्रॅम परत टाकला तरी यातलं बरंचसं जागच्या जागी राहतं, म्हणजे वेळ गेला, नेटचा डेटा गेला आणि प्रॉब्लेम तसाच.

हात लावायच्या आधी

ज्या फाईलला त्रास होतोय तिची कॉपी करा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवरच करा. फाईल पेनड्राइव्हवर असेल तर आधी डेस्कटॉपवर आणा, पेनड्राइव्हवरून थेट उघडून काम करणं हे हळू चालण्याचं आणि फाईल खराब होण्याचंही कारण असतं, त्यात कोणी मधेच पेनड्राइव्ह ओढला तर संपलंच. फाईल वनड्राइव्हवर असेल आणि नेट हळू असेल तर वर डाव्या कोपऱ्यातलं ऑटोसेव्ह बंद करून लोकल कॉपीवर काम करून बघा, प्रत्येक बदल वर पाठवत बसल्यामुळे मोठी फाईल अडखळते.

प्रोग्रॅम बंद पडून काम गेलं असेल तर लगेच निराश होऊ नका. फाईल, मग इन्फो, मग मॅनेज प्रेझेंटेशन, तिथे रिकव्हर अनसेव्ह्ड प्रेझेंटेशन्स आहे, ते बघा. ऑटोरिकव्हर डीफॉल्टला दर १० मिनिटांनी कॉपी ठेवतं, ऑप्शन्समधल्या सेव्ह पानावर ते ३ किंवा ५ मिनिटं करून ठेवा, निदान प्रॉब्लेम सुटेपर्यंत तरी.

आणि उद्या सकाळीच सेमिनार किंवा व्हायवा असेल तर हे खालचं सगळं आज रात्री करत बसू नका. फाईलची पीडीएफ काढून ठेवा, फाईल ब्राउझरमधल्या पॉवरपॉइंटमध्ये एकदा उघडून बघा (मायक्रोसॉफ्टचं फुकट खातं पुरतं), चालली तर तिथूनच दाखवा. दुरुस्ती नंतर निवांत.

दोष नक्की कुठे आहे

तीन शक्यता आहेत, फाईल, प्रोग्रॅम किंवा कॉम्प्युटर, आणि कुठली ते पाच मिनिटांत कळतं. फाईलवर डबल क्लिक न करता स्टार्ट मेनूमधून नुसतं पॉवरपॉइंट उघडा, कोरं प्रेझेंटेशन घ्या, चार-पाच स्लाइड करा, एखादा फोटो टाका, एफ ५ दाबून शो चालवा. हे गुळगुळीत चाललं तर प्रोग्रॅम बरा आहे, दोष तुमच्या फाईलमध्ये आहे, तुम्ही थेट खाली फाईलवाल्या भागाकडे जा. कोरं प्रेझेंटेशनसुद्धा अडखळतंय तर प्रोग्रॅम किंवा कॉम्प्युटर.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत १०० टक्क्यांजवळ असेल तर बऱ्याचदा विंडोजच मागे अपडेट आणि इंडेक्सिंग करत असतं, विशेषतः विंडोज पण नुकतंच बदललं असेल तर. लॅपटॉप चार्जिंगला लावून काही तास चालू ठेवा आणि मग परत बघा. मेमरी सतत भरलेली दिसत असेल तर बघा रॅम किती आहे. कागदावर ४ जीबी पुरते असं लिहिलेलं असतं, पण विंडोज ११, ब्राउझर आणि पॉवरपॉइंट एकत्र ४ जीबीत खरोखर त्रास देतात, आणि त्यात जुनी हार्ड डिस्क असेल तर सॉफ्टवेअरमध्ये कितीही शोधलंत तरी फार फरक पडणार नाही, तिथे ८ जीबी रॅम आणि एसएसडी हाच इलाज आहे.

यापुढे एक पथ्य पाळा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि सुरू झालं तर कशामुळे ते कधीच कळत नाही.

सेफ मोड आणि ॲड-इन्स

पॉवरपॉइंट पूर्ण बंद करा. आता कीबोर्डवरचं कंट्रोल दाबून धरा आणि पॉवरपॉइंटच्या आयकॉनवर डबल क्लिक करा, सेफ मोडमध्ये सुरू करायचं का असा प्रश्न येईपर्यंत बोट उचलू नका, मग यस म्हणा. सेफ मोडमध्ये ॲड-इन्स लोड होत नाहीत. जर इथे सगळं नीट चाललं, तर दोष जवळजवळ नक्की एखाद्या ॲड-इनचा आहे, आणि अपग्रेडनंतरच्या तक्रारींमध्ये मी सगळ्यात आधी संशय यांच्यावरच घेते.

ॲड-इन म्हणजे दुसऱ्या कंपनीचा छोटा प्रोग्रॅम जो पॉवरपॉइंटच्या आत बसतो. पीडीएफ बनवणारं बटण, मीटिंगचं बटण, ब्लूटूथने पाठवा, अँटिव्हायरसचं काहीतरी, वर्गात मतदान घ्यायचं साधन, प्रिंटरच्या सीडीतून आलेलं काहीतरी. यातली निम्मी तुम्ही स्वतः टाकलेलीच नसतात, दुसरं काही टाकताना ती आत येतात आणि आपल्याला माहीतच नसतं.

काढायची पद्धत अशी, साधा पॉवरपॉइंट उघडा, फाईल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. खाली मॅनेज लिहिलेलं दिसेल, तिथे कॉम ॲड-इन्स निवडून गो दाबा. यादी येईल. मोबाईलने तिचा फोटो काढून ठेवा, सगळ्यांच्या टिक काढा, ओके, प्रोग्रॅम बंद करून परत उघडा. नीट चाललं की मग एकेक टिक परत लावत जा, प्रत्येक वेळी प्रोग्रॅम बंद करून परत उघडायचा. ज्याच्यानंतर परत अडखळलं तो गुन्हेगार. त्याची नवी आवृत्ती त्याच्या कंपनीच्या साइटवर आहे का बघा, नसेल तर टिक काढलेलीच राहू द्या. त्याच मॅनेजच्या यादीत डिसेबल्ड आयटम्स पण आहे, कधीकधी पॉवरपॉइंट स्वतःच एखादं ॲड-इन बंद करून टाकतं आणि आपण मात्र बटण कुठे गेलं म्हणून शोधत बसतो.

इथेच ३२ बिट आणि ६४ बिटचा मुद्दा येतो, आणि हा नवीन लोकांना कोणी सांगत नाही. ऑफिस २०१६ साधारणपणे ३२ बिट म्हणून बसायचं, विंडोज ६४ बिट असलं तरी. ऑफिस २०१९ पासून आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये डीफॉल्ट ६४ बिट झालं. ६४ बिट चांगलंच आहे, मोठ्या फाईलींना जास्त मेमरी वापरता येते, पण ३२ बिटसाठी लिहिलेलं जुनं कॉम ॲड-इन त्यात चालत नाही. जुन्या मॅक्रोंचंही (फाईलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमचंही) असंच, विंडोजला थेट हाक मारणाऱ्या ओळी असतील तर त्या बदलाव्या लागतात. तुमचं कुठलं आहे ते बघायला फाईल, अकाउंट, अबाउट पॉवरपॉइंट, वरच्याच ओळीत लिहिलेलं असतं. एखाद्या जुन्या साधनावर तुमचं रोजचं काम खरंच अवलंबून असेल आणि त्याची ६४ बिट आवृत्तीच नसेल, तर ऑफिस काढून ३२ बिटचं टाकणं हा रास्त मार्ग आहे, त्यात काही चूक नाही.

स्क्रीन काळी होते, शो झटके खातो

एडिटिंग नीट आणि स्लाइड शो सुरू केला की गडबड, किंवा प्रोजेक्टर जोडला की बंद पडतं, असं असेल तर ग्राफिक्सकडे बघा. फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, खाली डिस्प्ले भागात डिसेबल स्लाइड शो हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन असा पर्याय आहे, तो टिक करा. त्याच्याजवळ साधा डिसेबल हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन असाही पर्याय असू शकतो, काही नव्या आवृत्त्यांत तो दिसत नाही, तर काळजी करू नका. टिक केल्यावर सुधारलं म्हणजे दोष बहुतेक ड्रायव्हरचा आहे हे कळलं, पण तेवढ्यावर थांबू नका कारण आता मॉर्फसारखी ट्रान्झिशन प्रोसेसरवर चालतील आणि साध्या लॅपटॉपवर ती जड जातील. विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स इथे ड्रायव्हर दिसतात का बघा, किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी भलतीसलती फुकट सॉफ्टवेअर अजिबात टाकू नका. नवा ड्रायव्हर बसला की ती टिक काढून परत तपासा.

प्रोजेक्टरवर फक्त प्रेझेंटर व्ह्यूमध्ये (तुमच्या स्क्रीनवर नोट्स आणि पुढची स्लाइड दिसते तो प्रकार) अडत असेल तर स्लाइड शो टॅबमधली यूज प्रेझेंटर व्ह्यूची टिक काढा. आणि घरी दुसरा स्क्रीन नसला तरी अल्ट आणि एफ ५ दाबून प्रेझेंटर व्ह्यू एकाच स्क्रीनवर तपासता येतो, हॉलमध्ये जायच्या आधी हे कराच.

उघडायलाच वेळ लागतो

डीफॉल्ट प्रिंटर बघा. हसू नका, हे खरं कारण आहे, ऑफिसचे प्रोग्रॅम उघडताना डीफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतात, आणि तो नेटवर्कवरचा जुना प्रिंटर असेल जो आता जोडलेलाच नाही, तर उत्तराची वाट बघत बसतात. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जा, विंडोजला डीफॉल्ट प्रिंटर ठरवू द्यायचा पर्याय बंद करा आणि मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ हा डीफॉल्ट करा.

एखादीच फाईल उघडायला वेळ घेत असेल तर लिंका. फाईल, इन्फो, उजव्या बाजूला खाली एडिट लिंक्स टू फाईल्स दिसतंय का बघा, दिसलं तर फाईल बाहेरच्या कुठल्यातरी एक्सेलला जोडलेली आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचा किंवा ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता तिथे असेल जो आता नाहीच, तर फाईल तो शोधत राहते. ब्रेक लिंक केलं की शेवटचे आकडे तसेच राहतात, फक्त आपोआप बदलणं थांबतं.

मेल किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये (नुसती वाचता येते, बदलता येत नाही) अडकली असेल, आणि पाठवणारा ओळखीचा असेल तरच, फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉक.

फाईलच जड असेल तर

आता हा भाग मन लावून वाचा कारण शाळा-कॉलेजातल्या प्रेझेंटेशनचं दुखणं बहुतेक इथेच असतं. एक फाईल पाच वर्षं दरवर्षी सेव्ह ॲज करत वापरलेली असते, त्यात तीन जणांच्या स्लाइड चिकटवलेल्या, कोणाचं टेम्प्लेट, कोणाचा फोटो, आणि जुनं पॉवरपॉइंट ते कसंबसं सहन करत होतं.

फाईलच्या नावाच्या शेवटी पीपीटी असेल, एक्स नसेल, तर ती २००७ च्या आधीच्या फॉरमॅटमधली आहे. फाईल, इन्फो, कन्व्हर्ट. एवढ्यानेही बऱ्याच फाईली सुधारतात.

पीपीटीएक्स फाईल ही खरं तर एक झिप फाईल असते, आणि याचा फार छान उपयोग होतो. कॉपी केलेल्या फाईलचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा (एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमधून फाईल नेम एक्स्टेन्शन्स दिसायला लावा आधी), ती उघडा, पीपीटी नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया नावाचं फोल्डर सापडेल. साइजप्रमाणे लावा. कुठला फोटो, कुठला व्हिडिओ फाईल फुगवतोय ते लगेच समोर येतं, अंदाज लावत बसायला नको.

फोटोंचा हिशोब समजून घ्या. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेल, डिस्कवर तो ३-४ एमबी दिसतो, पण दाखवताना तो मेमरीत पूर्ण उलगडावा लागतो आणि एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एकच फोटो ४८ एमबीच्या आसपास जातो. असे चाळीस फोटो स्नेहसंमेलनाच्या फाईलमध्ये टाकले की काय होणार. आणि रुंद स्लाइड सव्वातेरा इंचांपेक्षा जराशी मोठी असते, १५० पीपीआयने, म्हणजे दर इंचाला १५० पिक्सेल धरून, ती २००० पिक्सेल होते, फुल एचडी प्रोजेक्टर १९२० च दाखवतो. म्हणजे १५० पुरे. कुठल्याही फोटोवर क्लिक करा, पिक्चर फॉरमॅट, कम्प्रेस पिक्चर्स, फक्त याच फोटोला लागू ही टिक काढा, कापलेले भाग डिलीट करा ही टिक ठेवा, १५० पीपीआय निवडा. हे केल्यावर मूळ मोठे फोटो त्या फाईलमधून कायमचे जातात, म्हणून कॉपीवर करायचं.

मग व्ह्यू, स्लाइड मास्टर. डावीकडे न वापरलेल्या लेआउटची (स्लाइडच्या मांडणीच्या साच्यांची) रांगच रांग दिसेल, दरवेळी कीप सोर्स फॉरमॅटिंग करून स्लाइड चिकटवली की त्या साठतात. राइट क्लिक करून डिलीट करत जा, वापरात असलेला लेआउट पॉवरपॉइंट डिलीट करूच देत नाही त्यामुळे भीती नाही.

एक्सेलचा तक्ता किंवा चार्ट एम्बेड करून चिकटवलेला असेल तर त्याच्यासोबत अख्खी वर्कबुक आत येते. फाईल जड होते हे एक, पण त्याहून गंभीर म्हणजे ज्याला फाईल पाठवली तो त्यावर डबल क्लिक करून बाकीच्या शीट पण वाचू शकतो, मग त्यात पगार असोत नाहीतर मुलांचे मार्क. आकडे बदलायचे नसतील तर पेस्ट करताना पिक्चर निवडा.

हे सगळं करूनही एखाद्या ठराविक जागी बंद पडत असेल तर अर्ध्या स्लाइड काढून तपासा. चाळीस स्लाइड असतील तर कॉपीतून शेवटच्या वीस काढा, चालली तर दोष त्या वीसमध्ये, नाहीतर पहिल्या वीसमध्ये, मग त्याचे परत अर्धे. पाच-सहा फेऱ्यांत ती एक स्लाइड हाताशी येते, तेवढीच नव्याने करा. फाईल उघडतच नसेल तर ओपनच्या खिडकीत ओपन बटणाशेजारच्या बाणात ओपन अँड रिपेअर आहे.

व्हिडिओचं थोडक्यात. आयफोनचे आणि काही अँड्रॉइडचे व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात, बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरवर ते चालवायचा कोडेक (व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर) नसतो, तर एच २६४ चा एमपी ४ करून घ्या, व्हीएलसीमध्ये मीडिया आणि मग कन्व्हर्टमधून होतं. नंतर फाईल, इन्फो, कम्प्रेस मीडिया, आणि ७२० पी वर्गासाठी भरपूर झाला.

मराठी फॉन्ट

नवीन विंडोजवर मंगल, कोकिला, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट प्रत्येक कॉम्प्युटरवर आधीपासून असतीलच असं नाही, ते देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या वेगळ्या फीचरमध्ये गेलेत, निर्मला यूआय मात्र विंडोजसोबत येतो. फॉन्ट नसला की पॉवरपॉइंट दुसरा लावतं, ओळी तुटतात, मजकूर चौकटीबाहेर जातो आणि लोकांना वाटतं फाईल बिघडली. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा आणि ते देवनागरीचं फीचर टाकून घ्या. जुनी फाईल कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असेल तर फॉन्ट नसताना नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तिथे तो फॉन्ट टाका किंवा मजकूर एकदाचा युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी म्हणूनच दिसणाऱ्या अक्षरांत) करून घ्या, मी तर म्हणेन युनिकोडच करा, दर अपग्रेडला हाच त्रास नको.

आणि फुकट फॉन्टच्या अनोळखी साइटवरून आणलेले शंभर फॉन्ट असतील तर नको असलेले काढा. खराब फॉन्ट फाईलमुळे प्रोग्रॅम बंद पडू शकतो, विशेषतः फॉन्टची यादी उघडताक्षणी बंद पडत असेल तर हाच संशय घ्या. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर दाखवायचं असेल तर ऑप्शन्स, सेव्ह, एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल.

आता रिपेअर

इथपर्यंत येऊनही कोरं प्रेझेंटेशनच अडत असेल तर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, तिथे ऑफिस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ शोधा, तीन ठिपके, मॉडिफाय. आधी क्विक रिपेअर, त्याला नेट लागत नाही. नाही जमलं तर ऑनलाइन रिपेअर, ते जवळजवळ सगळं परत डाउनलोड करतं म्हणून मोबाईल हॉटस्पॉटवर करू नका. त्याच यादीत जुनं ऑफिसही दिसत असेल तर ते आधी काढा, दोन ऑफिस एकाच कॉम्प्युटरवर एकमेकांच्या पायात पाय घालतात.

एखाद्या ठराविक अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच्या आवृत्तीवर नेता येतं, पण त्याला कमांड द्यावी लागते, ते तुमच्या आयटीवाल्याकडून करून घ्या. तोपर्यंत फाईल, अकाउंट, अपडेट ऑप्शन्समधून अपडेट थांबवून ठेवता येतात, फक्त काही दिवसांनी आठवणीने परत चालू करा, सुरक्षेचे अपडेटही त्यातूनच येतात.

आयटीवाल्याकडे जाताना नुसतं चालत नाही असं सांगू नका. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप करा, व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी उघडा, लाल फुली असलेल्या दिवशी पॉवरपॉइंटची नोंद सापडेल, तिचे टेक्निकल डिटेल्स बघा. त्यात फॉल्ट मॉड्यूल नेम अशी ओळ असते. ते नाव आय-जी ने सुरू होत असेल तर इंटेलचा, एन-व्ही ने होत असेल तर एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर असण्याची शक्यता जास्त, एखाद्या ॲड-इनचं नाव दिसलं तर तो प्रश्न तिथेच सुटला. त्या पानाचा फोटो, ऑफिस ३२ बिट आहे की ६४, अबाउटमधला आवृत्तीचा नंबर, सेफ मोडमध्ये चालतं की नाही आणि कोऱ्या फाईलमध्ये होतं की नाही, एवढं लिहून पाठवा.